शिकायचं राहून गेलेलं कौशल्य : नेमकं कुठे अडलं?

अनवट

"मला हे यायला हवं होतं" असं प्रत्येकाच्या मनात काही ना काही असतं. कोणाला पोहायचं असतं, कोणाला गायचं, कोणाला चारचौघांत उभं राहून दोन वाक्यं धड बोलायची असतात. मग शिकला का नाहीत असं विचारलं की उत्तरं ठरलेली : वेळ नाही, वय झालं, ते अंगातच असावं लागतं.

ही उत्तरं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण ती मोघम आहेत आणि मोघम अडचणीवर कोणालाच काही सुचवता येत नाही. "पोहता येत नाही" यावर कोण काय सांगणार? "पाण्यात तोंड घातलं की जीव घाबरा होतो" असं म्हटलं तर सांगणारे दहाजण भेटतील. म्हणून या धाग्यात कृपया एवढं लिहा : कौशल्य कोणतं, कुठवर पोचला होतात आणि कुठल्या जागी पाय थांबले.

माझ्यापासून सुरुवात करते. चित्रकला, त्यातही चेहरा.

मोठी माणसं बऱ्याच वर्षांनी चित्र काढायला बसली की ते नऊ-दहा वर्षांच्या मुलाने काढल्यासारखं दिसतं. बहुतेकांचा हात त्याच वयात थांबलेला असतो. त्या सुमारास मुलांना चित्र 'खऱ्यासारखं' हवं असं वाटू लागतं, हात तेवढा तयार नसतो, आणि "मला चित्रकला येत नाही" असा निकाल लागून जातो. नजर मात्र थांबत नाही. रोज चेहरे बघून, चांगली चित्रं बघून ती तयार होतच राहते. त्यामुळे पुढे कधी पेन्सिल धरली की चुकलंय हे तत्क्षणी दिसतं आणि काय केलं म्हणजे सुधारेल ते कळत नाही. मला वाटतं कितीतरी जण इथेच वही मिटतात.

माझी अडकायची जागा म्हणजे डोळे. डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असते, हे मला माहीत आहे. मोजूनही पाहिलंय. तरी हात डोळे वरच नेतो, कपाळ चिंचोळं होतं आणि चेहरा कोणाचाच राहत नाही. कळलेलं हातात कसं उतरवायचं, हा माझा प्रश्न.

पारवा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहायचंय.

टाचणी

छान विषय. तुम्ही उदाहरण दिलंत तेच माझं दुखणं आहे. पोहणं.

फळी धरून पाय मारता येतात. कडेला धरून तरंगताही येतं. फळी सोडून तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की संपलं. श्वास रोखून धरते, छाती भरून येते, मग श्वासासाठी मान वर काढते, त्याबरोबर पाय खाली जातात आणि उभीच राहते. शिकवणारे म्हणतात "घाबरू नका". न घाबरणं हे काही हात हलवण्यासारखं नाही, सांगितलं आणि केलं. शेवटी जाणंच बंद झालं.

लंबक

टाचणी, मी बरीच वर्षं प्रौढांना पोहायला शिकवतो आणि तुम्ही लिहिलंय त्यातला एकेक शब्द ओळखीचा आहे. "घाबरू नका" ही सूचनाच नव्हे. जरा लांब लिहितो.

आधी श्वासाचं. तुम्ही श्वास रोखून धरता तेव्हा छातीत जी घालमेल होते, ती हवा संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि श्वास घेण्याची ओढ प्रामुख्याने त्यामुळे लागते. म्हणजे बाहेर सोडायचा वायू तुम्ही आत धरून बसलेल्या असता. वर आल्यावर मग एवढ्याशा वेळात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकावं लागतं, ते जमत नाही आणि वाटतं की श्वास पुरत नाही. पोहणारा माणूस पाण्याखाली सतत श्वास सोडत असतो. वर येतो तो फक्त घ्यायला.

आता पाय का बुडतात ते. फुप्फुसं छातीत, त्यामुळे शरीराचा छातीकडचा भाग पाण्यावर उचलला जातो आणि पाय मुळात जड पडतात. अशा वेळी शरीर सी-सॉसारखं वागतं : डोकं वर काढाल तेवढे पाय खाली. पाय कमजोर आहेत असं समजून लोक जोरजोरात पाय मारतात आणि दमतात. दोष मानेत असतो. नजर तळाकडे ठेवली, मान सैल सोडली की कंबर आपोआप वर येते.

आणि हे बहुतेक वर्गांत मागाहून शिकवतात, मी पहिल्या दिवशी शिकवतो : तरंगत असताना पुन्हा उभं कसं राहायचं. प्रौढ माणसाला खोल पाण्याची भीती नंतर वाटते, आधी भीती असते ती "आडवी झाले तर उभी कशी होऊ" याची. गुडघे पोटाशी ओढून घ्या, दोन्ही तळवे खाली दाबा, शरीर आपोआप सरळ होतं, मग पाय टेकवा. कमरेएवढ्या पाण्यात हे अंगवळणी पडेपर्यंत दुसरं काही करू नका. परतीची वाट माहीत असलेला माणूस वेगळाच पोहतो.

अर्थात हे सगळं शिकवणारं कोणी जवळ असताना, उथळ पाण्यात. श्वास रोखून धरण्याच्या पैजा तर अजिबात नकोत. त्यात चांगले पोहणारेही पाण्याखाली बेशुद्ध होऊन दगावले आहेत.

टाचणी

उभं कसं राहायचं हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. खरंच कोणीच नाही.

निळीशाई

धागा आवडला, तरी एका गोष्टीला हरकत घेते. "वेळ नाही" हे मोघम उत्तर आहे असं मूळ लेखात आलंय. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. दिवसात मोकळा वेळ म्हणजे इथे पाच मिनिटं, तिथे आठ मिनिटं, आणि तीही कधी मिळतील याचा नेम नाही. हे उत्तर मोघम नाही, माझा रोजचा दिवस आहे.

बासरी शिकायची आहे. काही महिने शिकलेही. ओठांचा कोन सापडून सूर धरायला लागतो न लागतो तोच हाक येते. परत येऊन बसलं की कोन पुन्हा शोधायचा. वर्गातले पुढे गेले, मी सुरावरच. "रोज तासभर रियाज करा" असं सांगणाऱ्याला माझा दिवस कसा जातो हे ठाऊक नसतं, आणि मला दरवेळी ते समजावून सांगायचा कंटाळा आला. म्हणून सोडलं.

उभाआडवा

निळीशाई यांच्याशी शंभर टक्के सहमत. ज्यांच्यावर दुसऱ्याचा भार नाही त्यांनी वेळेच्या नियोजनाचे सल्ले देऊ नयेत.

अनवट

निळीशाई, हे लिहिलंत ते बरं केलंत. वेळ मुळात नसणं आणि वेळ तुकड्यातुकड्यांत असणं या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत. तुमची दुसरी आहे आणि ती तुम्ही कमालीची नेमकी मांडली आहे. कोणी बासरीवाले असतील तर त्यांनी कृपया याच मुद्द्यावर लिहावं.

कोरीपाटी

बासरीवाली नाही, पण तुकड्यांबद्दल एक भक्कम गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना केलेला एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. गट पाडले होते. एका गटाला रोज एकच तास, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे चार तास. रोज तासभर शिकणाऱ्यांना जे सुमारे ५५ तासांत आलं, त्यासाठी चार तासवाल्यांना जवळपास ८० तास लागले.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. सर्वांत कमी तासांत शिकलेला जो गट, तोच सर्वांत नाराज होता. कारण दिवस जास्त लागत होते आणि बाकीचे पुढे गेलेले दिसत होते. आपण मागे पडतोय ही भावना आणि आपण खरोखर किती शिकतोय, यांचा संबंध वाटतो तेवढा नसतो.

निळीशाई, तुमच्या वर्गातले पुढे गेले असतील. तुम्ही किती मिनिटांत कुठवर आलात हे त्यांच्याशी ताडून कोणी पाहिलं होतं?

निळीशाई

नाही पाहिलं. पण तासभर तरी सलग त्यांच्याकडे होता, माझ्याकडे तोही नाही. आभार मात्र मनापासून.

सायंतारा

मी बासरी वाजवते. निळीशाई, दोनच गोष्टी सुचवते, पटलं तर बघा.

बासरी डब्यातून बाहेर काढून हाताशी ठेवा. तुमच्या पाच मिनिटांतलं एक मिनिट नुसतं काढण्या-ठेवण्यात जाऊ नये. आणि त्या पाच मिनिटांत गत नको, अलंकार नकोत, बोटंही नकोत. सगळी भोकं मोकळी ठेवून एकच सूर, श्वास संपेपर्यंत. हाक आली की ठेवून द्या. तुम्हाला जी शिक्षा वाटतेय, म्हणजे पुन्हापुन्हा पहिल्यापासून कोन शोधणं, तेच बासरीचं मुख्य शिक्षण आहे. एकदा कोन धरून तासभर वाजवणाऱ्याला तो कोन एकदाच शोधावा लागतो. तुम्ही तो दिवसातून कितीतरी वेळा शोधता. ओठांना जागा पाठ होते ती अशानेच.

वर्ग तूर्त नकोच. तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून सवडीने कळवणारं कोणी मिळालं तर तुमच्या दिवसात ते बसेल.

निळीशाई

हे लिहून ठेवते. भोकं मोकळी ठेवून एकच सूर. एवढं करता येईल.

भिंगरी

गाणं.

शाळेत समूहगीताच्या तालमीत बाईंनी मला सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर मी कधीच गायले नाही. मुलांना झोपवतानाही नाही, मी त्यांना गोष्टी सांगायचे. कुठवर पोचले होते या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण सुरूच केलं नाही. गळ्यात सूर नाही एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

कोरीपाटी

भिंगरी, वाचून फार वाईट वाटलं. हे वाक्य किती जणांना ऐकावं लागतं याची शिक्षकांना कल्पना नसते.

ज्यांना उपजतच सुरांतला फरक कळत नाही अशी माणसं असतात. पण अभ्यासकांचे जुने अंदाज धरले तरी ती शंभरांत चारच्या आसपास, आणि अलीकडच्या अंदाजानुसार त्याहूनही कमी. ओळखीचं गाणं कोणी चुकीचं म्हणायला लागलं की तुम्हाला कळतं का? कळत असेल तर तुमचा कान शाबूत आहे.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं पाहिलं की ज्यांना गळ्याने सूर जुळवता येत नव्हता, त्यांच्यापैकी बहुतेकांना तोच सूर सरकपट्टीच्या एका साध्या यंत्रावर बोट सरकवून नीट जुळवता येत होता. म्हणजे ऐकू बरोबर येतं, गळ्याला तिथे नेता येत नाही. कानाचा नाही, गळ्याच्या स्नायूंच्या सवयीचा प्रश्न. आणि तो सवयीने सुटू शकतो.

करून बघण्यासारखं : "हा सूर लाव" असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. उलट करा. तुम्हाला सोयीचा वाटेल तो कुठलाही सूर "आ" म्हणून लावा आणि पेटीवर किंवा फोनवरच्या सुरयंत्रावर तो कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला शोधू द्या. आपला आवाज आणि वाद्य एकत्र मिसळल्यावर कसं लागतं, हे बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी ऐकलेलंच नसतं. तिथून मग एकेक सूर वर, एकेक खाली. लहानपणी पुष्कळ मुलं बेसुरी ठरतात ती दिलेली पट्टी त्यांच्या गळ्याच्या बाहेरची असते म्हणून.

भिंगरी

चुकीचं म्हटलेलं लगेच कळतं मला. त्रासच होतो. याचा असा अर्थ असेल हे कधी मनातच आलं नाही.

उभाआडवा

अनवट, तुमच्या डोळ्यांवर येतो. मी रेखाटन शिकतोय, माझा हाच अडसर होता.

हात डोळे वर नेतो, कारण तुम्ही 'डोळा' काढायला बसता. डोळ्याचं एक ठरीव चिन्ह मनात तयार असतं, हात ते उमटवतो. त्याला चकवायचा जुना उपाय म्हणजे छायाचित्र उलटं ठेवून काढणं, डोकं खाली आणि हनुवटी वर. चेहरा ओळखू येईनासा झाला की मन नावं द्यायचं थांबवतं आणि उरतात नुसत्या रेघा, कोन, गडद-फिकट तुकडे. सुरुवातीला मध्येच ओळख पटते आणि पुन्हा गाडी घसरते, तेव्हा बाकीचा भाग कागदाने झाकून थोडा थोडा उघडत काढा.

दुसरं, चेहरा काढूच नका, चेहऱ्याभोवतीची जागा काढा. गाल आणि खांदा यांच्यामधला तिकोनी तुकडा, मानेमागची पोकळी. या आकारांना नावं नसतात, त्यामुळे हात त्यांच्याबाबतीत प्रामाणिक राहतो. ते बरोबर आले की चेहरा आपसूक जागेवर पडलेला असतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा केवढा आनंद झाला होता.

पेन्सिलीने मापं घेताना हात कोपरात सरळ ठेवा आणि एक डोळा मिटा. हात वाकला की माप बदलतं. हे सगळे सांगतात, तरी अर्धे लोक हात वाकवूनच मापतात.

अनवट

नाव नसलेले आकार! आज रात्रीच करून बघते.

पारवा

रुमाल टाकला होता, आता लिहितो. धाग्याच्या प्रवाहाच्या थोडं उलट आहे.

मला बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. पाठ्यक्रम सुरू केले, सोडले, पुन्हा सुरू केले. दरवेळी अडायचो ती जागा एकच : उदाहरणं संपून स्वतःचं काही करायची वेळ आली की काय करावं ते सुचायचं नाही. सुचेल कसं? मला संगणकाकडून काही करून घ्यायचंच नव्हतं. ज्यांना ते येतं त्यांना मिळणारा मान मला हवा होता. हे स्वतःशी कबूल केल्यावर ती इच्छा मी सोडली, आणि डोक्यावरचं ओझं उतरलं.

तेव्हापासून कोणी "मला अमुक यायला हवं होतं" म्हटलं की मी विचारतो, ते येत असणं हवंय की ते करत बसणं हवंय? मैफलीत वाजवणारे आपण डोळ्यांसमोर आणतो. एकाच जागेवर बोट पुन्हापुन्हा चुकतंय आणि तरी उठावंसं वाटत नाही, असे आपण डोळ्यांसमोर येतो का? येत नसलो तर ती इच्छा खुशाल सोडावी. माणसाने सगळंच शिकलं पाहिजे असं कुठे आहे?

लंबक

पारवा, अर्धं पटलं. मानापायी शिकू नये हे बरोबर. पण "करत बसायला आवडतं का" ही कसोटी सुरुवातीला लावली तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कोणीच पोहायला शिकणार नाही. नाकात पाणी जातं, डोळे चुरचुरतात, थंडी वाजते. हे कोणाला आवडेल? गोडी लागते ती थोडं यायला लागल्यावर. पाणी आपल्याला उचलून धरतं हे अंगाला एकदा जाणवलं की लोक वेळ संपली तरी बाहेर निघत नाहीत. त्या क्षणाआधी विचारलंत तर उत्तर 'नाही' असंच येईल, आणि ते उत्तर पाण्याबद्दलचं नसेल, भीतीबद्दलचं असेल.

शिवाय काही कौशल्यं आवडीची नसतातच. पोहणं हे जीव वाचवणारं आहे.

पारवा

हा फरक मान्य. माझी कसोटी ज्यांच्यावाचून काही अडत नाही अशा गोष्टींपुरती धरा. मात्र तिथे ती लावाच असं म्हणेन. शिकायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी मनावर बाळगत जगणाऱ्यांना "हे सोडून द्या" असं कोणीतरी सांगायला हवं.

ढगफूल

नमस्कार. मी साठी ओलांडलेली आहे. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मला फोनवर फोटो नीट करायचे आहेत. जुने फोटो स्कॅन केले आहेत, त्यावरचे डाग काढायचे, फिकट पडलेले गडद करायचे, कोपरे कापायचे. फार मोठं काही नाही. मुलाला विचारलं की तो म्हणतो "दे इकडे", फोन हातातून घेतो, बोटं भराभर फिरवतो आणि "झालं बघ" म्हणून परत देतो. फोटो छान झालेला असतो. मला काही कळलेलं नसतं. पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. तो प्रेमानेच करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शिकणं राहतं ते राहतंच. आणि मग मनात येतं की वयामुळेच आपल्याला जमत नसेल.

टाचणी

ढगफूल ताई, मला माझी आई आठवली. मीही तिच्या हातातून फोन घेते. आजपासून नाही घेणार.

सायंतारा

ढगफूल ताई, मुलाला एकच अट घाला : "तू हात पाठीमागे बांधून सांग." फोन तुमच्या हातात, बोट तुमचं, शब्द त्याचे. पहिल्या वेळी त्यालाच जड जाईल, कारण आपण कुठे बोट लावतो हे त्याला शब्दांत कधी सांगावंच लागलेलं नाही. थोडा धीर दोघांनी धरायचा. आणि एका बैठकीत एकच गोष्ट. आज फक्त कोपरे कापणं, तेही चार-पाच वेगवेगळ्या फोटोंवर. डाग काढणं पुढच्या वेळी. मूळ फोटोची एक प्रत आधीच वेगळी ठेवून द्या, म्हणजे काही बिघडेल ही धाकधूक राहणार नाही.

कोरीपाटी

ताई, वयाबद्दल. तीन चेंडू हवेत खेळवत ठेवायला शिकणाऱ्या तरुणांच्या मेंदूची चित्रं घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली आला. तीन महिन्यांच्या सरावानंतर, हलणाऱ्या वस्तू नजरेने टिपण्याशी संबंधित भागात वाढ दिसली, सराव सोडल्यावर ती ओसरली. २००८ मध्ये तोच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर केला. तरुणांच्या मानाने कमी जणांना चेंडू नीट खेळवता आले, हे खरं. पण मेंदूतला तो बदल त्यांच्यातही दिसला. वेग कमी होतो, शिकण्याचं दार बंद होत नाही.

वयाची अडचण खरी आहे ती मुख्यतः परक्या भाषेचे उच्चार अगदी तिथल्या लोकांसारखे येण्यात. फोटोचे डाग काढण्याचा आणि वयाचा काही संबंध नाही. तुम्हाला शिकवण्याऐवजी करून दिलं जातंय, अडचण तेवढीच आहे.

ढगफूल

हात पाठीमागे. रविवारी तो घरी असतो, तेव्हा सांगून बघते. सर्वांना आशीर्वाद.

सायंतारा

आता माझं. खुणांची भाषा.

आमच्या कामाच्या जागी एक सहकारी कर्णबधिर आहे. तिच्याशी बोलता यावं म्हणून बोटांनी अक्षरं दाखवायला शिकले. माझ्यासारखे हौशी लोक बहुतेक इथवरच येतात आणि आपल्याला भाषा येते असं समजतात. पण अक्षरं जुळवत संभाषण होत नाही. कोणी आपल्याशी प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगत बोललं तर किती वेळ ऐकून घेऊ?

खरी भाषा पुढे सुरू होते. विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिलं की खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आहे, ती बोलभाषेची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिच्या व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. अनेक खुणभाषांत हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. तीच खूण भुवया न उचलता केली तर प्रश्नाचं विधान होतं. नकाराला मान हलते, काही ठिकाणी गाल फुगवण्यालाही अर्थ असतो. माझे हात शिकले, चेहरा शिकेना. चारचौघांत भुवया उचलायच्या, गाल फुगवायचे म्हटलं की मला नाटक केल्यासारखं वाटतं. मोठ्यांनी चेहरा आवरता ठेवावा हे इतकं मुरलंय की तो सैल सोडताच येत नाही. ती सहकारी माझ्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून बराच वेळ थांबते, मग अंदाजाने उत्तर देते. माझ्यासाठी ती कष्ट घेते आणि मी संकोच धरून बसते, हे मला फार लागतं.

भिंगरी

सायंतारा, तुम्ही इतरांना इतकं छान सुचवताय, म्हणून धीर करून लिहिते. मी पूर्वी नाटकात काम केलंय, छोट्या भूमिका. चेहरा आरशात बघून सैल होत नाही, उलट आखडतो. आम्हाला सांगायचे, समोरच्या माणसाकडे बघा. तुमच्या सहकारीचा चेहरा बघा आणि ती जे करते तेच तिच्यासोबत करत राहा, हात न हलवता, फक्त चेहऱ्याने. तिला आधी सांगून ठेवा म्हणजे गैरसमज नको. आणि हे तिच्याशी एकटीशी करा, बाकीचे नसताना. प्रेक्षक कमी केले की संकोच बराच उतरतो.

सायंतारा

तिलाच विचारायला हवं हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी आरशापुढे उभी राहत होते. धन्यवाद, भिंगरी.

उभाआडवा

संकोचाचा विषय निघालाच आहे तर प्रौढपणी सायकल शिकू पाहणाऱ्यांसाठी : पेडल काढून टाका. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतील. मग पायांनी ढकलत, किंचित उताराच्या मोकळ्या जागेत, पाय उचलून तरंगायचा सराव. तोल जाईल त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, नेमकं मनाच्या उलट. ते अंगात बसलं की पेडल लावा. मागून सीट धरून कोणी पळायची गरजच पडत नाही, त्यामुळे जगजाहीर होत नाही.

पारवा

चारचौघांत बोलण्याचा उल्लेख मूळ लेखात होता, त्यावर कोणी लिहिलं नाही. माझ्यापुरतं सांगतो : अडायचो ती जागा म्हणजे पहिली दोन वाक्यं. ती आता शब्दशः पाठ करतो, पुढचं नाही. आवाज एकदा फुटला की पुढचं सुचत जातं.

टाचणी

लंबक, एक विचारायचं राहिलं. तुम्ही म्हणता पाण्याखाली श्वास सोडत राहायचं. मी तोंडाने बुडबुडे सोडते तरी नाकात पाणी जातंच आणि डोक्यात कळ जाते. ठसका लागला की पुढचा सगळा तास वाया. नाकाला चिमटा लावू का?

लंबक

चिमटा लावला तरी चालतो, पण नंतर सोडवताना पुन्हा हेच शिकावं लागतं. त्यापेक्षा हे करा. बाहेर उभं राहून तोंड मिटून "म्..." असा लांब हुंकार द्या. नाकपुडीसमोर बोट धरलंत तर हवा लागेल. तोंड मिटून हुंकार द्यायचा तर हवा नाकातूनच बाहेर पडते, आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरू शकत नाही. आता कडेला धरून, हनुवटीएवढ्या नव्हे, कमरेएवढ्या पाण्यात वाकून, आधी हुंकार सुरू करा आणि मगच चेहरा पाण्यात घाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण चेहरा आधी घालतात, श्वास मग सोडतात, आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात पाणी नाकात शिरतं. बाहेर येतानाही नाक पाण्याच्या वर येईपर्यंत हुंकार थांबवू नका.

पहिल्या दिवशी एवढंच. हात-पाय हलवू नका, अंतर कापू नका. जमलं की इथे लिहा, मग कुशीवर वळून श्वास कसा घ्यायचा ते सांगतो.